आधी उघडलेली बाटली

भाऊंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण सकाळचे साडेआठ वाजले की त्यांचे पाय अजूनही चपलांकडे वळत. चपला घालायच्या, फाटकापर्यंत जायचं, आपल्याला कुठेच जायचं नाही हे तिथे आठवायचं, आणि कोपऱ्यावरून वर्तमानपत्र घेऊन परत यायचं, असा त्यांचा नेम होता. मुलगी हसायची. "काय बाबा, लागली का हजेरी?" असं विचारायची. "लागली," म्हणत भाऊ चहाला बसायचे. ज्या माणसाने एकतीस वर्षं एकाच प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं, त्याच्या पायांना सुट्टी कशी द्यायची हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

त्या गुरुवारी मात्र फाटकाशीच दोघी उभ्या होत्या. एक पंचेचाळिशीची, खांद्याला जड पिशवी अडकवलेली. दुसरी सत्तावीस-अठ्ठावीसची, छातीशी वही धरलेली.

"ओळखलंत का भाऊ?" थोरलीने विचारलं.

भाऊंनी चष्मा सावरला. "ओळखलं म्हणजे काय! घाई..." आणि त्यांनी जीभ चावली. "मॅडम, या ना. आत या."

"घाईच म्हणा. ज्यांनी नाव ठेवलं ते गेले. म्हणणारे आता तुम्ही एकटेच उरलात."

ते नाव सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, ठेवलं होतं. वीस वर्षांपूर्वी ती सरांकडे विद्यार्थिनी म्हणून आली, तेव्हा तिला कशाचाच धीर नव्हता. तीन दिवस बंद ठेवायची काचेची बरणी ती दुसऱ्याच दिवशी उघडून बघायची आणि भाऊंची बोलणी खायची. आता ती त्याच प्रयोगशाळेची प्रमुख होती. सर जाऊन पाच वर्षं झाली होती, जुनी इमारत बंद पडून चार. बरोबरची मुलगी तिची विद्यार्थिनी होती, आणि चहा येईपर्यंत तिने भाऊंना इतक्या वेळा "पण ते कशाला?" विचारलं की भाऊंनी मनातल्या मनात तिचं नाव 'कशाला' ठेवून टाकलं. सरांचीच सवय ती, दुसरं काय.

चहाचा कप तसाच ठेवून मॅडम म्हणाल्या, "भाऊ, दाणा धरत नाही हो."

हे शब्द बाहेरच्या कुणाला कळले नसते. भाऊंनी मात्र आपलाही कप खाली ठेवला.

काम सांगायला सोपं होतं. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अंड्याची टरफलं आणि शिंपले ज्याचे असतात तेच. त्याचे इतके बारीक कण बनवायचे की केसाच्या जाडीत हजार मावावेत. आणि कण बनत असतानाच त्यांत गॅडोलिनियम नावाच्या धातूची चिमूट मिसळायची. "भाऊ, कणीक मळून झाल्यावर वरून मीठ भुरभुरलं तर ते आत जाईल का?" सर म्हणायचे. "मळतानाच घालायला हवं." हा धातू शरीरात मोकळा सुटला तर अपाय करतो, खडूच्या कणात कोंडला तर गुमान बसतो. आणि एमआरआयच्या यंत्रात त्याच्या आसपासचं पाणी पांढरं शुभ्र दिसायला लागतं. एरवी करड्यात करडी मिसळून गेलेली एखादी बारीक शीर किंवा गाठ डॉक्टरला मग लांबूनही दिसते. सरांनी आयुष्याची शेवटची चौदा वर्षं या एका कामात घातली होती, आणि त्यांचे हात म्हणजे भाऊ.

"बावीस वेळा केलं," 'कशाला' म्हणाली. "सरांच्या वह्यांत लिहिलंय तसंच. शब्द न् शब्द. कधी तीन दिवसांनीही नुसतं पाण्यासारखं नितळ, कधी तळाशी चिकट थर. कण नाहीतच."

"पुढच्या रविवारी इस्पितळाने त्यांचं यंत्र तीन तास आपल्याला दिलंय," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा दाखवायला काही नसेल तर हिचं काम बंद. चार वर्षं पाण्यात. आणि वरचे लोक आता आडून आडून बोलायला लागलेत की मुळात सरांची कृतीच खरी नव्हती. आकडे फुगवले असतील, म्हणे."

"सर आणि खोटं?" भाऊ ताडकन उठले. "असं म्हणणाऱ्याला आणा माझ्यासमोर. उद्याच येतो मी. दाणा कसा धरत नाही तेच बघतो!"

आतून मुलगी बाहेर आली, ती वडिलांचा आवाज ऐकूनच. सहा वर्षांत तो इतका चढला नव्हता.

शुक्रवारी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून नव्या इमारतीत गेले. तिथली दारं काचेची होती आणि कुलपाऐवजी कार्ड होतं. आत हवा थंड, कोरडी, कसलाही वास नसलेली. भाऊंना जुनी खोली आठवली. व्हरांड्याच्या टोकाची, दगडी ओट्याची, तांब्याच्या तारेने कडी बांधलेल्या खिडकीची. ओट्याच्या एका टोकाला पाण्याचं तापतं भांडं दिवसभर वाफ सोडत असायचं, दुसऱ्या टोकाला सरांचा चष्मा आणि वह्या. आणि सगळ्यावर अमोनियाचा तो नाकात झोंबणारा दर्प. मुलं त्याला 'भाऊंचं अत्तर' म्हणायची. भाऊ घरी गेले की त्यांची बायको आधी शर्ट काढून द्यायला लावायची, मग बोलायची. तीही आता नव्हती, आणि ते अत्तरही शर्टांतून कधीच उडून गेलं होतं.

"बरणी कुठंय?" त्यांनी विचारलं. बरणी तेवढी जुनीच निघाली. काचेची, जाड, झाकणाच्या कडेला टवका उडालेली. भाऊंनी तिच्या पोटावरून हात फिरवला. "आहेस होय गं," ते हळूच म्हणाले, आणि कशालाने ते वहीत लिहून घेतलं नाही एवढा शहाणपणा दाखवला.

भाऊंचे हात काही विसरले नव्हते. चंचुपात्रात अल्कोहोल, त्यात कॅल्शियमचा क्षार, त्यात गॅडोलिनियमचा. ढवळून नितळ झालं की तोंडावर पातळ, मेणकट ताणपट्टी ओढून बसवायची आणि तिला सुईने सात भोकं पाडायची. बरणीच्या तळाशी बशीत अमोनियम कार्बोनेटची पूड, वर जाळी, जाळीवर चंचुपात्र. झाकणाच्या कडेला व्हॅसलीन लावून ते सरकवत बसवायचं.

"आता ही पूड आपोआप हवेत विरते," भाऊ सांगत होते. "तिचा वायू त्या भोकांतून थोडा थोडा आत शिरतो आणि अल्कोहोलात उतरतो. तिथे कॅल्शियम वाटच बघत असतं. जबरदस्ती करायची नाही. वायू ओतलास तर घाईघाईत मोठाले, ओबडधोबड खडे होतात. असा पावलापावलाने आला तर बारीक दाणा धरतो."

"सात भोकं कशाला?"

"सहांनी उशीर व्हायचा आणि आठांनी बिघडायचं म्हणून. बारा दिवस घातले होते सरांनी त्या एका गोष्टीपायी."

कशालाने वहीच्या पानावरची यादी वाचायला सुरुवात केली. प्रत्येक पायरीपुढे चौकोन असे आणि पायरी झाली की त्यात बरोबरची खूण करायची, ही सरांची पद्धत. "अल्कोहोल, नवी सीलबंद बाटली," ती म्हणाली. तिने बाटली समोरच फोडली होती. भाऊ "हो हो" म्हणाले आणि तिने खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंचुपात्रात धुकं यायला हवं होतं. शनिवारी ते नितळ होतं. भाऊ म्हणाले, नवी जागा आहे, अंग चोरत असेल. रविवारी नितळच. सोमवारी तळाशी बोटभर चिकट साका बसला होता, आणि वरचं अल्कोहोल इतकं स्वच्छ होतं की त्यातून पलीकडच्या भिंतीवरचं घड्याळ वाचता येत होतं. मॅडमनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात भाऊंना सगळ्यांत जास्त लागला. चारचौघांत तोंडात मारल्यासारखं झालं त्यांना.

संध्याकाळी ते घरी आले ते थेट स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसले. मुलगी चहाची नवी पुडी कापत होती.

"आधीचा डबा संपला का?" भाऊ सवयीने खेकसले.

"तळाशी उरलीय थोडी."

"मग नवी कशाला फोडतेस? आधी उघडलेलं संपवावं, मग..."

वाक्य अर्धंच राहिलं. मुलगी कात्री हातात धरून बघत राहिली. वडिलांचं तोंड उघडं होतं आणि चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"बाबा? काय झालं? पाणी देऊ?"

सरांचा नियम कडक होता. प्रत्येक वेळी नवी बाटली फोडायची. उघडी बाटली हवेतला ओलावा पिते, म्हणून उरलेलं अल्कोहोल काचसामान धुवायला वापरायचं. एका वेळी लागायचा बाटलीचा पाचवा हिस्सा, आणि चार हिस्से निघायचे भांडी घासायला. भाऊंच्या ते जिवावर यायचं. ज्या घरात ते वाढले तिथे साबणाचा शेवटचा पापुद्राही नव्या वडीला चिकटवायचे. म्हणून ते काय करायचे, तर नवी बाटली फोडली की तीच संपेपर्यंत पुरवायचे, पाच-पाच वेळा, सहा-सहा महिने. ती उभी असायची वाफ सोडणाऱ्या त्या भांड्याशेजारीच. भांडी धुवायला नळ होताच की. आणि वहीत 'नवी सीलबंद बाटली' पुढे खूण करायचे. चौदा वर्षं. त्यात आपण काही खोटं करतोय असं त्यांना तेव्हा वाटलंही नव्हतं. अल्कोहोल ते अल्कोहोल.

वाटलं ते एकदाच. निरोपाच्या दिवशी सर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या सहीवर लोक विश्वास ठेवतात, पण मी भाऊंच्या खुणेवर ठेवतो." आणि स्वतःच्या खिशातलं शाईचं पेन काढून त्यांनी भाऊंच्या खिशाला लावलं. टाळ्या पडल्या. भाऊ खाली मान घालून उभे राहिले. लोकांना वाटलं गहिवरले. ते पेन तेव्हापासून कपाटात शर्टांच्या घडीखाली होतं, आणि भाऊंनी त्याचं टोपण एकदाही उघडलं नव्हतं.

"समज, एखाद्याने एक गोष्ट वर्षानुवर्षं खोटी लिहिली," त्यांनी मुलीला विचारलं. "आणि कुणाला कळलंच नाही."

"कुणाचं नुकसान झालं का त्यात?"

"तेव्हा नाही. आता होतंय."

मुलीने पुडी बाजूला ठेवली. बाबांना ती चांगली ओळखत होती. "मग तुम्हाला माहितीय काय करायचं ते," ती म्हणाली. "मला कशाला विचारता? चहा घ्या."

सांगायचं म्हणजे काय होणार, हे भाऊंना स्वच्छ दिसत होतं. एकतीस वर्षांतून त्यांनी घरी आणलं ते फक्त सरांचं ते एक वाक्य, ते जाणार. शिवाय सरांच्या सगळ्या छापील लेखांत 'नवी बाटली' असंच लिहिलेलं. आधीच बोट दाखवायला टपलेल्यांना आयतंच मिळणार. आणि नाही सांगितलं, तर ती वही छातीशी धरलेली पोरगी चार वर्षं गमावणार. त्यांनी नुसते मूग गिळून बसायचं ठरवलं असतं तर जगात कुणालाही पत्ता लागला नसता. मंगळवारी सकाळी साडेआठला ते चपला घालून फाटकापर्यंत गेले आणि परत आले नाहीत.

मॅडमच्या खोलीत 'कशाला'सुद्धा होती. "बसा ना भाऊ," मॅडम म्हणाल्या.

"नको ताई. उभाच बरा." मॅडम म्हणायचं त्यांच्या लक्षातही राहिलं नाही. आणि त्यांनी सगळं सांगितलं. चहाच्या पुडीपासून मागे मागे जात, साबणाच्या पापुद्र्यापर्यंत. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "सरांचं काही खोटं नाही. खोटं माझं आहे."

मॅडम खुर्चीतून उठल्या आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. "चौदा वर्षं, भाऊ?" त्यांनी मागे न वळताच विचारलं. "माझी पदवीसुद्धा त्याच वह्यांवर उभी आहे. झाकण लवकर उघडलं म्हणून तुम्ही माझ्याशी आठ दिवस बोलला नव्हतात. आठ दिवस!"

"हो ताई."

"आणि तुम्ही स्वतः..." भाऊंना वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तोवर कशालाने वह्यांचा गठ्ठा ओढला होता आणि ती भराभर पानं उलटत होती. "भाऊकाका, हे 'रुसवा' काय आहे? सरांनी मधूनमधून लाल शाईत लिहिलंय."

"तो होय! चार-पाच वेळा छान जमायचं आणि मग एकदा बिघडायचं. सर म्हणायचे, आज रुसलं. कारण काही सापडलं नाही कधी."

"पहिलं पान, सहावं, अकरावं..." ती पुटपुटत होती. "मग सतरावं. बाविसावं. भाऊकाका, एका बाटलीत किती वेळचं निघायचं म्हणालात?"

"पाच. कधी ओढूनताणून सहा."

मॅडम गर्रकन वळल्या. रुसवा पडायचा तो नेमका नवी बाटली फोडलेल्या दिवशी. एकशे त्रेचाळीस पानांपैकी एकोणतीस पानांवर भाऊंची खूण अगदी खरी होती, आणि त्या एकोणतीस वेळाच दाणा धरला नव्हता.

"ओलावा हवा होता," मॅडम सावकाश म्हणाल्या. "सर जन्मभर जे टाळत राहिले, तेच हवं होतं. थोडंसं पाणी. वायूचं कार्बोनेट व्हायलाच ते लागत असणार." आणि मग, इतक्या रागातही, त्यांना हसू फुटलं. "आणि इथे आम्ही बाटली उघडली की दुसऱ्या दिवशी फेकून देतो. सुरक्षेचा नियम!"

"पण किती पाणी?" कशालाने विचारलं. ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. चौदा वर्षांच्या त्या बाटल्या केव्हाच संपल्या होत्या.

बुधवारी त्यांनी सहा चंचुपात्रं लावली, दोन बरण्यांत तीन-तीन. सगळ्यांत नवं अल्कोहोल. पहिल्यात पाणी नाही, पुढे प्रत्येकात दहा-दहा थेंब वाढवत नेलेले. कशालाने मोजून घातले आणि प्रत्येकावर आकडा चिकटवला. सहाही ताणपट्ट्यांना भोकं भाऊंनीच पाडली.

शनिवारी सकाळी पहिलं नितळ होतं. पाच आणि सहामध्ये तळाशी खडे दिसत होते, वाळूसारखे. मधली तिन्ही धुरकट. "तिन्ही सारखीच दिसतायत," कशाला रडकुंडीला आली. "उद्या यंत्र. तिन्ही तपासून बघायला वेळच नाही."

"खिडकी कुठंय?" भाऊंनी विचारलं.

खिडकीवरचा पडदा त्यांनी स्वतः सारला आणि एकेक चंचुपात्र उचलून उन्हापुढे धरलं. चौथं पांढरं होतं, चुनकळीसारखं. दुसरं फिकट. तिसरं धरलं आणि ते तसेच थांबले. त्या धुक्याच्या कडेला निळसर झाक होती, अगदी पुसट, दुधात पाणी जास्त झालं की कडेला दिसते तशी. वीस वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा दिसली तेव्हा सरांनी त्यांचं कोपर इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठला होता. "कण बारीक असले तरच हा निळा दिसतो, भाऊ. बघून घ्या. यंत्राआधी डोळ्यांना कळलं पाहिजे." कोपराला आता कुणी धरलेलं नव्हतं, तरी भाऊंनी हात अंगाशी ओढून घेतला.

"हे," ते म्हणाले. "धरला दाणा."

रविवारी इस्पितळात त्यांनी घड्याळ, किल्ल्या, पट्टा सगळं काढून ठेवलं आणि काचेमागे उभे राहिले. पाण्याच्या खोक्यात उभ्या केलेल्या नळ्या यंत्रात गेल्या, त्यांतल्या पाचांत ते कण चढत्या प्रमाणात घातलेले. धडधड सुरू झाली. पडद्यावर आधी करडं, मग करड्यात करड्या चकत्या, आणि एका ओळीत पाच चकत्या हळूहळू उजळत गेल्या, शेवटची तर चंद्रासारखी. कशाला एकदाही "कशाला" म्हणाली नाही. तिने भाऊंच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि चक्क रडली. भाऊंचा जीव भांड्यात पडला, पण पूर्ण नाही.

कारण मॅडमनी बाहेर येताच सांगितलं, "भाऊ, हे छापावं लागेल. सरांच्या प्रत्येक लेखाला दुरुस्ती. काय झालं, कसं झालं, कुणाकडून झालं."

"सरांचं नाव खराब होईल?"

"लपवलं तर होईल. सांगितलं तर त्यांची कृती खरी ठरेल. पण तुमचं नाव घालावं लागेल. हरकत आहे?"

भाऊंनी काढून ठेवलेला पट्टा परत कमरेला लावला. "एकतीस वर्षांत माझं नाव कुठे छापून आलं नाही," ते म्हणाले. "आता येतंय ते चुकीसकट. येऊ दे. वडिलांचंही नाव घाला, नाहीतर लोकांना वाटायचं दुसराच कुणी."

आणखी एक काम होतं. वहीतली नोंद चुकली तर ती खोडायची नसते, पान फाडायचं नसतं. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. ज्याची चूक, त्याच्याच हाताने. हा नियमही सरांचाच. सोमवारपासून तीन दुपारी भाऊ नव्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. कपाटातलं पेन त्यांनी आणलं होतं. निब वाळून दगड झालं होतं, ते मुलीने रात्रभर कोमट पाण्यात ठेवून मोकळं केलं होतं.

एकशे चौदा पानं होती. एकशे चौदा वेळा 'नवी सीलबंद बाटली' वर रेघ, आणि शेजारी 'आधी उघडलेली बाटली'. पहिल्या काही पानांवर भाऊ नुसत्या रेघा मारत गेले. मग पानं बोलायला लागली. या पानावर चहाचा डाग, मुलीचा दहावीचा निकाल लागला त्या दिवशीचा. सरांनी स्वतः चहा केला होता आणि सांडलाही होता. या पानावर मध्येच अक्षर बदललेलं. त्या आठवड्यात बायकोला इस्पितळात ठेवलं होतं आणि सर म्हणाले होते, वही मी लिहितो, तुम्ही तिकडे थांबा. या पानावर नुसतं 'घाई!!' एवढंच. भाऊ मॅडमना ते दाखवायला उठले, आणि मॅडम इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या खोलीतून लोक डोकावले. त्या दुपारी त्यांच्यातलं आठ दिवसांचं आणि चौदा वर्षांचं, दोन्ही मिटलं. निदान भाऊंना तरी तसं वाटलं.

बुधवारी शेवटची वही आली. शेवटच्या पानावर सही करून भाऊंनी ती मिटली आणि सवयीने पालथी ठेवली. मागच्या पुठ्ठ्याच्या आतला कागद सुटून बाहेर आला होता. तो दाबून बसवायला त्यांनी पुठ्ठा उघडला. आत सरांचं पेन्सिलीतलं अक्षर होतं. अशा याद्या सर कुठेही करायचे, त्या वाचायचं कुणाच्या मनातही यायचं नाही.

व्हॅसलीन आणायचं. पुढे खूण. खिडकीच्या कडीला नवी तार. खूण. घाईच्या शिफारसपत्रावर सही. खूण. भाऊंच्या निरोपाचं भाषण. खूण.

आणि त्याच्याखाली, अक्षर किंचित बारीक: रुसवा दर पाचव्यांदा का? भाऊंना बाटलीचं विचारायचं.

त्याच्यापुढे खूण नव्हती.

भाऊंनी ती ओळ पुन्हा वाचली. भाषण करून झालं होतं, पेन देऊन झालं होतं. त्यानंतरही सर सहा-सात महिने होते, आणि भाऊ दर आठवड्याला त्यांच्याकडे जाऊन बसायचे. कितीदा तरी दोघंच असायचे खोलीत. सर त्यांच्याकडे बघायचे, काहीतरी बोलणार असं वाटायचं, आणि मग विचारायचे, "चहा घेणार का, भाऊ?"

कशाला जवळ आली. "झालं का भाऊकाका? काय वाचताय?"

भाऊंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. ते त्या कागदाशीच बोलत होते, हळू, पण तिला नीट ऐकू आलं.

"उघडलेलीच होती, सर."

मग त्यांनी पेन उचललं, आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.